मास्तरांची सैल पँट

मास्तरांनी आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या. चौकातल्या बेकरीला लागून त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. नवे कपडे ते फारसे शिवत नसत, जुनेच अल्टर करून देत. कुणाची पँट आत घे, कुणाच्या झग्याची शिवण सोड, कुणाच्या कोटाची बाही आखूड कर. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच मास्तरांना कळायचं, की याचं पोट सुटलंय की याला कसली काळजी लागलीय. स्वतःच्या पोटाकडे मात्र त्यांनी वीस-बावीस वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं. दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं होतं.

मग एक दिवस टेबलाखाली पडलेला खडू उचलायला ते वाकले आणि त्यांना वर येता येईना. बायकोने ओढून वर काढलं, घामाघूम झालेल्या नवऱ्याला खुर्चीवर बसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव मंडळात घालून आली. मास्तरांना विचारायची तिला गरज वाटली नाही.

मंडळ म्हणजे दहा-बारा जाडजूड माणसं. दर शनिवारी सकाळी ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायची. मंडळ चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत आणि सगळेच थोडे टरकून असत. सिस्टरांचा नियम सोपा होता. पाव, भात, बटाटा, साखर आणि बिस्किटं बंद. अंडी, मासे, भाज्या, चीज आणि मूठभर दाणे चालतील. ज्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना सांगून सुरुवात करायची, आणि कुणीही उपाशी राहायचं नाही. एकट्याने हे निभत नाही, म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार. रोज दुपारी जोडीदाराला फोन करायचा आणि काय खाल्लं ते खरं खरं सांगायचं.

वजनकाट्याला त्या खोलीत प्रवेश नव्हता. काट्याने माणसं वेडी होतात, असं सिस्टरांचं मत होतं. त्याऐवजी त्यांनी फितीची पद्धत काढली होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या कमरेएवढी पांढरी फीत कापायची आणि भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीने टांगायची. मग दर शनिवारी कंबर जेवढी उतरेल तेवढा तुकडा कापायचा आणि ज्याचा त्याला द्यायचा. मंडळात शिंपी आला म्हटल्यावर टेप आणि कात्री त्याच्याच हातात गेली. मास्तरांनी सगळ्यांची कंबर मोजायची आणि शेवटी स्वतःची. मोजणाऱ्याला कोण मोजणार, हे एवढ्या हुशार सिस्टरांच्याही डोक्यात आलं नाही. शिंप्याचं माप चुकेल कसं?

मास्तरांचा जोडीदार होता बसड्रायव्हर. धिप्पाड, अबोल माणूस, अठरा वर्षं एकाच मार्गावर बस चालवत होता. त्याची साखर वाढलेली होती, गोळी चालू होती, आणि कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तीन महिन्यांची मुदत दिली होती. तपासणीच्या दिवसापर्यंत साखर खाली आली नाही तर बस काढून घेणार आणि डेपोच्या खिडकीत बसवणार, लोकांच्या विसरलेल्या छत्र्या परत करायला. पहिल्या शनिवारी ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "मला बस चालवता येते. दुसरं काही येत नाही." आणि खाली बसला. मास्तरांना तो तिथल्या तिथे आवडला.

पहिला आठवडा मास्तरांनी अगदी कसोशीने पाळला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पोटात कावळे ओरडत होते, तरी त्यांनी पावाच्या तुकड्याला बोट लावलं नाही. घोळ झाला तो मापात. शिंपी माप घेताना टेपखाली दोन बोटं घालतो. कपडा कमरेला काचू नये म्हणून तेवढी सैल जागा ठेवायची असते. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या फिती अशाच दोन बोटं घालून कापल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी मास्तरांनी सगळ्यांची मापं तशीच घेतली. स्वतःची पाळी आली तेव्हा एक हात पाठीमागे, एक पुढे, सगळे बघतायत, आणि त्या गडबडीत बोटं घालायची राहिली. फीत दीड इंच उतरली. दीड इंच, एका आठवड्यात! मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी, ज्या सहसा कुणाचं कौतुक करत नसत, मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

आणि मास्तर बोलले. जिभेवर ताबा, मनाचा निग्रह, असं काहीबाही पाच मिनिटं बोलले. चूक लक्षात आली ती घरी जाताना, अर्ध्या वाटेवर. ते थांबले, स्वतःशीच हसले, आणि पुढच्या शनिवारी सांगून टाकू म्हणाले.

पुढच्या शनिवारी सांगायचं म्हणजे दीड इंचाचा तुकडा परत द्यायचा आणि निग्रहावरचं भाषणही परत घ्यायचं. मास्तरांच्याने ते झालं नाही. त्या शनिवारी त्यांनी पुन्हा बोटं घातली नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी श्वास आत ओढून धरला. आणि त्यानंतर तर त्यांनी टेप नुसता कमरेभोवती फिरवायचा, आकडा मनानेच ठरवायचा आणि कचकन फीत कापायची, असा परिपाठच ठेवला. टाळ्या वाजतच होत्या. मंडळींनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं होतं, की खाली बघायचीही भीती वाटावी.

एकदा फीत खोटी झाली म्हटल्यावर पोटाने तरी का खरं राहावं? चौथ्या आठवड्यात बेकरीने डाव साधला. दुपारी बारा वाजता पावांची भट्टी उघडली की भिंतीपलीकडून वास यायचा आणि मास्तरांच्या हातातली सुई थांबायची. घरात बायकोने पावाचं नावनिशाणही ठेवलं नव्हतं. नवऱ्याला मोह नको म्हणून ती बिचारी स्वतःही अंडी आणि भाजीवर राहिली होती, आणि खरोखर बारीक होत चालली होती. मास्तर मागच्या दाराने बेकरीत जायचे, गरम पाव कागदात गुंडाळून घ्यायचे, वर लोण्याची वडी, आणि परत येऊन ट्रायल रूमचा पडदा ओढून घ्यायचे. त्या एवढ्याशा जागेत तीन बाजूंनी आरसे. मास्तर पडद्याकडे तोंड करून खायचे. पडदा पाहत खाल्लेला पाव गोड लागत नाही असं कुणी म्हणेल, मास्तरांना लागायचा. शेवटचा घास घशाखाली गेला की मग लाज यायची, आणि चुरा झाडून तो चिंध्या-दोऱ्यांच्या कचऱ्यात टाकेपर्यंत ती चांगली घट्ट होऊन बसायची. उद्यापासून कानाला खडा, असं ते रोज म्हणायचे.

साडेबाराला ड्रायव्हरचा फोन यायचा. शेवटच्या थांब्यावर बस उभी करून तो अगदी इमानाने सांगायचा: दोन अंडी, कोबीची भाजी, चीजचा एक तुकडा. मास्तर म्हणायचे, अगदी तेच, फक्त कोबीऐवजी पालक. मिशीला लोणी लागलेलं असायचं.

ड्रायव्हरची कंबर दर आठवड्याला दोन सूत उतरत होती, म्हणजे जेमतेम पाव इंच. छान चाललंय, असंच चालू द्या, असं सिस्टर त्याला दर वेळी सांगत. पण भिंतीवर त्याची फीत मास्तरांच्या फितीशेजारी टांगलेली होती. मास्तरांची दर शनिवारी आणखी वर जायची आणि त्याची होती तिथेच लोंबल्यासारखी दिसायची. तो आपला दोन सुतांचा तुकडा चिमटीत धरून बघत बसायचा.

सातव्या आठवड्यात एकदा दुपारच्या फोनवर त्याने विचारलं. "मास्तर, आपण दोघं एकच खातो. मग माझं तुमच्यासारखं का उतरत नाही हो?"

मास्तर तेव्हा ट्रायल रूममध्ये होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात अर्धा पाव, आणि पाव गार होत होता. फोन लवकर संपावा, एवढंच त्या क्षणी त्यांच्या मनात होतं. "तुमचा हात जरा सैल पडत असेल," ते म्हणाले. "थोडं आणखी कमी करून बघा."

"बघतो," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने आभार मानून फोन ठेवला.

हे वाक्य मास्तर विसरूनही गेले. त्यांना दुसरीच चिंता लागली होती. मंडळात एक नणंद-भावजय होत्या, दोघींच्या नजरेतून काही सुटायचं नाही. फितीने मास्तर अर्धे झालेत, पण तोंडावर काही दिसत नाही, असं नणंद सहज बोलून गेली. ते मास्तरांनी ऐकलं. त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली आणि स्वतःसाठी एक पँट शिवली, कमरेत चांगली पाच इंच मोठी. ती धुतली, दगडावर घासली, गुडघ्यावर थोडी विटवली, म्हणजे चार वर्षं वापरलेली वाटावी. इतकं मन लावून त्यांनी गेल्या दहा वर्षांत काही शिवलं नव्हतं. शनिवारी ती घालून ते मंडळात गेले, पट्टा सोडला आणि पँटचा कमरेपुढचा भाग हाताने ओढून दाखवला. आत एक उशी मावली असती. "जुनी पँट," मास्तर म्हणाले. नणंद-भावजयींनी तोंडाला पदर लावले. सिस्टरांनी तर फोटोही काढला.

ड्रायव्हर पुढे आला. त्याने ती पँट जवळून पाहिली, मास्तरांचा खांदा थोपटला आणि मनापासून म्हणाला, की मला तुमच्यासारखं व्हायचंय. मास्तरांना त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेले नाहीत. पट्टा आवळून बसले.

त्यानंतरचे तीन शनिवार ड्रायव्हरची फीत भराभर उतरू लागली. एकदा अर्धा इंच, एकदा पाऊण. मास्तरांनी बोटं घालून नीट मोजलं तरी तेवढंच भरायचं. त्याच्या गालांची हाडं वर आली होती आणि माप घेताना मास्तरांच्या हाताला त्याचा घाम गार लागायचा. शिंप्याच्या नजरेला हे कळत नाही असं होत नाही. मास्तरांना कळलं होतं. फोनवर तो अजूनही दोन अंडी, कोबी सांगायचा, आणि कसा आहे विचारलं तर मजेत आहे म्हणायचा. मास्तरांनी पुढे विचारलं नाही. विचारायला गेलं तर बोलणं कुठून कुठे जाईल, याची त्यांना धास्ती होती.

गुरुवारी भर दुपारी ड्रायव्हरला गाडीवर चक्कर आली. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा त्याने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दारं उघडली, आणि मग स्टिअरिंगवर कोसळला. आत तीसेक माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही.

शनिवारी सिस्टरांनी ही हकिगत मंडळात सांगितली. त्याची साखर वाढली नव्हती, उलट फार खाली गेली होती. डॉक्टरांनी लावून दिलेली गोळी तो घेत होता आणि खात होता दिवसाला एक अंडं. कमी खायला लागल्याचं त्याने डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं आणि मंडळातही. तीन महिने मी बजावतेय, की उपाशी राहायचं नाही, असं सिस्टर म्हणाल्या. माझंच लक्ष कमी पडलं, असंही त्या म्हणाल्या.

मास्तर खुर्चीत बसून होते. बोलायची हीच वेळ होती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंडही उघडलं. पण तेवढ्यात सिस्टर त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, की मास्तर, तुम्ही त्याचे जोडीदार, तो तुम्हाला मानतो, तर आज भेटायच्या वेळेत तुम्हीच जाऊन या. नीट खाऊन-पिऊनही कंबर उतरते, हे त्याला तुमच्याच तोंडून पटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी एका कार्डावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मास्तरांनीही केली.

इस्पितळाच्या जिन्यात ते दोन वेळा वळणावर टेकून उभे राहिले. त्यांनी मनाशी ठरवलेलं वाक्य अगदी छोटं होतं, पण दर पायरीला ते आणखी लांब होत होतं.

ड्रायव्हर खिडकीजवळच्या खाटेवर होता. पहिल्यांदा मास्तरांना तो ओळखूच आला नाही. मग वाटलं, याचे सगळे कपडे आता आत घ्यावे लागतील, आणि असलं काही आपल्या मनात यावं याचीही त्यांना लाज वाटली. त्याची बायको स्टुलावर बसली होती. तिने उठून मास्तरांना जागा दिली, यांच्या तोंडी दिवसभर तुमचंच नाव असतं म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा आणायला निघाली. मास्तरांनी तिला थांबवलं.

ड्रायव्हर मात्र मास्तरांच्या नजरेला नजर देत नव्हता. चादरीचं टोक मुठीत धरून तो हळूच म्हणाला, "मास्तर, एक सांगायचंय. इथल्या लोकांनी मला साखरेचं पाणी पाजलं. आणि काल मी दोन बिस्किटं खाल्ली. कुणी सक्ती केली नव्हती, मीच मागून घेतली." त्याचे डोळे भरून आले. "मंडळात सांगू नका. मीच सांगेन, पण आत्ता नको."

मास्तरांनी सह्यांचं कार्ड खिशातून काढलं आणि परत आत ठेवलं.

"हे असलं चाललंय बघा," त्याची बायको म्हणाली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, ते ती सांगू लागली. तीन महिन्यांची सरासरी साखर छान खाली आलेली होती. पहिले दोन महिने हे जसे खात होते तसेच खात राहिले असते, तर कंपनीच्या तपासणीत आरामात सुटले असते, असं डॉक्टर म्हणाले. आता कंपनीचा माणूस येऊन गेला होता. गाडीवर चक्कर आलेल्या ड्रायव्हरला पुन्हा गाडी द्यायची नाही, असा तिथला नियम होता. सोमवारी पास आणि गणवेश जमा करायचा होता.

"डॉक्टरांना काय माहीत," ड्रायव्हर भिंतीकडे बघत म्हणाला. "ते मला बरं वाटावं म्हणून बोलतात. मास्तरांचं बघ की. खाणं तेच, आणि कंबर कुठल्या कुठे. खोट माझ्यातच आहे."

"वहिनी," मास्तर म्हणाले, "जरा बसा." मग ते ड्रायव्हरकडे वळले. ठरवलेलं वाक्य त्यांना आठवेना, तेव्हा जे होतं ते त्यांनी सांगितलं. "माझी कंबर उतरलेलीच नाही. एक सूतसुद्धा नाही. मी फीत खोटी कापत होतो. दुकानात रोज पाव खात होतो, आणि तुम्हाला पालक सांगत होतो. ती पँट मी मुद्दाम मोठी शिवली होती."

ड्रायव्हर वळला. इतका वेळ तो मास्तरांकडे बघायला लाजत होता. आता त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. तोंडाकडे, मग पोटाकडे. मास्तर हलले नाहीत. शिव्या येतील, अशी त्यांची तयारी होती. जिन्यात त्यांनी शिव्याच मोजल्या होत्या, आणि खरं तर त्यांना त्या हव्याही होत्या.

"म्हणजे," ड्रायव्हर म्हणाला, "आठवड्याला दोन सूत... ते बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

"मी कमी पडत नव्हतो?"

"नाही हो. मंडळात तुमच्याइतकं नीट कुणाचंच चाललं नव्हतं."

ड्रायव्हरच्या खोल गेलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. कोपरावर रेटून तो उठून बसला आणि बायकोला म्हणाला, "ऐकलंस? माझं बरोबर चाललं होतं." निकाल हातात पडलेल्या मुलासारखा त्याचा आवाज झाला होता. "अगं, ऐकलंस का? बरोबर चाललं होतं माझं."

"ऐकलं," ती म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. मास्तरांकडेही बघत नव्हती. तिने खाली घसरलेली चादर उचलली आणि तिची घडी घालायला लागली.

ड्रायव्हर हसत राहिला. मग त्याची बोटं चादरीवर दिवस मोजायला लागली, एक, दोन, तीन, चार, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून त्याच्यातलं बळ निघून गेलं. तो पुन्हा उशीला टेकला. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता. फोनवर रोज दुपारी असायचा तसाच तो आवाज होता, सगळं खरं खरं सांगणारा.

"तपासणीला दहाच दिवस राहिले होते, मास्तर."